कोरियन पत्रकार-मालिका पहिल्यांदाच पाहताय? 'आर्गॉन'पासून सुरुवात करा

पहिला भाग लावला की पाच मिनिटांत दहा माणसं पडद्यावर येतात. सगळी काळ्या-करड्या कपड्यांत, सगळी घाईत. कुणी 'कॅप' म्हणून हाक मारतं, कुणी फोन आपटतं, कुणी कुणाला भरसभेत फाडून खातं आणि तो माणूस मान खाली घालून ऐकतो. बातमी काय आहे हे कळायच्या आत ती लागतेसुद्धा. दुसऱ्या भागापर्यंत बहुतेक नवखे प्रेक्षक मालिका सोडतात आणि 'फार गोंधळ आहे बुवा' म्हणतात.

गोंधळ कथेत नसतो. सबटायटल वाक्यांचं भाषांतर करतं, पण ऑफिसचं करत नाही. कोण कुणाच्या वर आहे, कुणाची नोकरी पक्की आणि कुणाची कच्ची, हातातली माहिती आज रात्री दाखवता येण्याइतकी पक्की आहे की नाही, ही तीन सूत्रं धरली तर मालिका उलगडते. 'गुन्हा कुणी केला' हा प्रश्न या मालिकांत बऱ्याचदा दुय्यम असतो. खरा ताण असतो तो 'कळलंय, पण सिद्ध करता येईल का' यात. पुढच्या पायऱ्या त्याच बेताने लावल्या आहेत.

आधी हाताशी काय हवं

- साधारण आठ-नऊ तास. 'आर्गॉन'चे भाग ८ आहेत, एकेक तासाभराचा.
- इंग्रजी सबटायटल असलेला कायदेशीर मंच. मराठी सबटायटलची वाट पाहू नका.
- मूळ कोरियन आवाज. हिंदी डबिंग मिळालं तरी पहिल्या खेपेला टाळा. कारण तिसऱ्या पायरीत.
- हेडफोन. वाक्यांचे शेवट नीट ऐकू यायला हवेत.
- वहीचं एक पान, तीन रकाने: नाव, हुद्दा, आणि 'कोण याला काय म्हणून हाक मारतं'. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा.

१. पहिली मालिका नीट निवडा

इथेच बहुतेकांचं चुकतं. समाजमाध्यमांवर ज्यांची नावं जास्त ऐकू येतात त्या 'पिनोकियो' किंवा 'हीलर'पासून सुरुवात होते. दोन्ही २०१४-१५च्या, दोन्ही २० भागांच्या, दोन्ही रंजक. पण 'हीलर'मध्ये पत्रकारिता तोंडी लावण्यापुरती आहे. मुख्य जेवण म्हणजे रात्री गुप्तपणे कामं करणारा कुरिअर, हाणामारी आणि प्रेम. 'पिनोकियो' पत्रकारितेबद्दल खरोखर बोलते, पण नायिकेला खोटं बोललं की उचकी लागते. हा 'पिनोकियो सिंड्रोम' लेखिकेने रचलेला आहे, वैद्यकशास्त्रात तो शोधत बसू नका. ती मालिका दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

पहिली 'आर्गॉन'. टीव्हीएन वाहिनीवर ४ ते २६ सप्टेंबर २०१७ या काळात, सोमवार-मंगळवारी दाखवली गेली. दिग्दर्शन ली यून-जंग यांचं. एचबीसी नावाच्या काल्पनिक वाहिनीत 'आर्गॉन' हा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम आहे. त्याचा सूत्रधार किम बेक-जिन, म्हणजे अभिनेता किम जु-ह्यॉक. दुसरी मुख्य भूमिका चॉन उ-हीची: ली यॉन-ह्वा, कंत्राटी पत्रकार, कंत्राट संपायला तीन महिने उरलेत. या तीन महिन्यांचं घड्याळ आठही भाग टिकटिकत राहतं.

प्रेमप्रकरण जवळपास नाही. 'मग बघायचं काय' असं वाटत असेल तर ही मालिका तुमची नाही, आणि तसं असायला काही हरकत नाही. किम जु-ह्यॉक मालिका संपल्यावर साधारण महिनाभराने, ३० ऑक्टोबर २०१७ला मोटार अपघातात गेला. त्याची ही शेवटची मालिका. हे आधी माहीत असलं की त्याचे काही संथ प्रसंग वेगळ्याच नजरेने पाहिले जातात.

२. शोधताना नावाच्या खड्ड्यांत पडू नका

- *दोन 'ट्रिगर'.* २०२५मध्ये याच नावाच्या दोन मालिका आल्या. १५ जानेवारीला सुरू झालेली डिस्नेची मालिका शोधपत्रकारांची आहे. १२ भाग, मुख्य भूमिकेत किम हे-सू. ती परदेशात 'अनमास्क्ड' या नावाने दाखवली जाते. जुलैमध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'ट्रिगर' बंदुकांच्या सुळसुळाटावर आहे, किम नाम-गिलची. तिचा न्यूजरूमशी संबंध नाही. शोधताना कलाकाराचं नाव जोडा.
- *उलटसुलट नावं.* कोरियन नावात आडनाव आधी येतं. किम बेक-जिनमधलं 'किम' आडनाव. काही सबटायटलवाले ते उलटवतात, काही नाही. एकाच भागात 'बेक-जिन किम' आणि 'किम बेक-जिन' ही दोन माणसं समजू नका.
- *खोट्या वाहिन्या.* एचबीसी, 'पिनोकियो'तल्या एमएससी आणि वायजीएन, 'हीलर'मधली एबीएस, 'मिस्टी'तली जेबीसी, 'अनमास्क्ड'मधली केएनएस या सगळ्या काल्पनिक. खऱ्या म्हणजे केबीएस आणि एमबीसी (सार्वजनिक), एसबीएस (खासगी), चोवीस तास बातम्यांची वायटीएन, आणि डिसेंबर २०११पासून आलेल्या जेटीबीसीसारख्या केबल वाहिन्या.
- *हक्क बदलतात.* कोणती मालिका कुठे आहे हे दर काही महिन्यांनी हलतं. वर्षाचं सदस्यत्व घेण्याआधी त्या मंचाच्या ॲपमध्ये भारतातून शोधून पाहा. परदेशातल्या याद्या इथे लागू पडत नाहीत. डिस्नेचा माल भारतात जिओहॉटस्टारवर येतो, म्हणून 'अनमास्क्ड' आधी तिथे शोधा.

३. वाक्याचा शेवट ऐका

इथे मराठी माणसाला फायदा आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळेच 'यू' असतात, पण आपल्या कानाला तू आणि तुम्ही यातला फरक जन्मापासून कळतो. कोरियनमध्ये तो फरक क्रियापदाच्या शेपटीत असतो. वाक्य '-निदा'ने संपलं तर औपचारिक. बातमीपत्र असंच वाचतात. '-यो'ने संपलं तर आदराचं पण रोजचं, आपल्या 'तुम्ही'सारखं. दोन्ही गळाले, वाक्य तुटक संपलं, तर 'तू'. त्याला बानमाल म्हणतात.

'आर्गॉन'चा पहिला भाग पाहताना एवढंच ऐका: यॉन-ह्वाशी कोण तुटक बोलतं आणि ती सगळ्यांशी काय वापरते. कटुता कुणाच्या मनात किती आहे ते सबटायटल न वाचताही कळतं. भांडणात '-यो' अचानक गळून पडलं तर समजा, कानाखाली मारण्याइतकी गोष्ट झाली आहे.

हिंदी डबिंग टाळायचं ते यासाठीच. तिथे सगळ्यांचं 'सर' होतं आणि ही सगळी चढउतार एका पातळीवर येते.

वार्ताहर बातमीच्या शेवटी वाहिनीचं नाव, 'न्यूज', मग स्वतःचं नाव आणि 'इमनिदा' म्हणतो. म्हणजे 'मी अमुक'. कंत्राटी किंवा नव्या पत्रकाराला ते एक वाक्य बोलायला मिळणं हीच मोठी गोष्ट असते. अशा प्रसंगात संगीत का चढतं ते यामुळे कळेल.

४. न्यूजरूमची उतरंड पाठ करा

बातमी विभाग म्हणजे बोदोगुक. त्याचा प्रमुख गुकजांग. त्याखाली बुजांग, म्हणजे राजकारण, अर्थ, समाज अशा एकेका विभागाचा प्रमुख. त्याखाली चाजांग, मग साधे पत्रकार, आणि तळाला सुसप: उमेदवारीवरचा पोरगा किंवा पोरगी. एखाद्या कार्यक्रमाच्या चमूचा प्रमुख तिमजांग. हुद्द्याला 'निम' लागतं: गुकजांग-निम, बुजांग-निम. आपल्याकडे 'साहेब' लागतं तसं.

आता एक बारकावा, जो कळला की पत्रकारांची मालिका आणि इतर ऑफिसांची मालिका वेगळी ओळखू येते. कोरियात वरिष्ठाला 'सॉनबे-निम' म्हणायची पद्धत आहे, पण पत्रकार एकमेकांना नुसतं 'सॉनबे' म्हणतात. निम नाही. वयाने पंधरा वर्षं मोठ्या माणसालाही. कनिष्ठ तो हुबे. म्हणून एखाद्याने दुसऱ्या पत्रकाराला मुद्दाम हुद्दा आणि 'निम' लावून हाक मारली, तर तो आदर नसून अंतर ठेवणं असू शकतं. वहीतला तिसरा रकाना यासाठीच.

यॉन-ह्वाला चमूत कुणी आपलं का मानत नाही, याचं उत्तर कंत्राटात आहे. संपानंतर काढून टाकलेल्या पत्रकारांच्या जागी भरलेल्या माणसांपैकी ती एक. अशांना 'यॉन्गब्यॉन्ग' म्हणतात, म्हणजे भाडोत्री सैनिक. ही कल्पना हवेतून आलेली नाही. एमबीसीत २०१२ साली १७० दिवसांचा संप झाला होता, पत्रकार आणि निर्माते बडतर्फ झाले होते, त्यांच्या जागी नवी भरती झाली होती. आणि योगायोग असा की 'आर्गॉन'चा पहिला भाग लागला त्याच दिवशी, ४ सप्टेंबर २०१७ला, केबीएस आणि एमबीसीचे कर्मचारी पुन्हा संपावर गेले. कोरियन प्रेक्षकाने ती मालिका संध्याकाळच्या बातम्यांच्या शेजारी ठेवून पाहिली. आपण ती तशी पाहू शकत नाही, पण तारीख डोक्यात ठेवू शकतो.

२०१२च्या संपात एमबीसीने काढलेला चॉय सुंग-हो हा निर्माता डिसेंबर २०१७मध्ये त्याच एमबीसीचा अध्यक्ष झाला. मालिकेच्या लेखकाने असं लिहिलं असतं तर आपण 'काहीतरीच' म्हणालो असतो.

५. पोलीस ठाण्याची बोली

'पिनोकियो'कडे वळाल तेव्हा ही पायरी लागेल. 'आर्गॉन'साठी वरवर वाचली तरी चालेल.

सोलमध्ये ३१ पोलीस ठाणी आहेत. वाहिन्या-वर्तमानपत्रं त्यांचे गट पाडतात. त्या गटाला 'लाइन' म्हणतात, उदाहरणार्थ मापो लाइन, गंगनाम लाइन. नव्या पत्रकाराला एक लाइन मिळते आणि तो ठाणी, अग्निशमन केंद्रं, रुग्णालयं, शवागारं पालथी घालत फिरतो. वर असतो इलजिन, त्यावर 'व्हाइस', त्यावर 'कॅप': पोलीस-वार्ताहरांचा मुकादम. ठरलेल्या वेळी कॅपला किंवा इलजिनला फोन करून 'काय मिळालं' ते सांगायचं. 'काही नाही' हे उत्तर चालत नाही.

या बोलीतले बरेच शब्द जपानी आहेत, वसाहतकाळापासून चिकटलेले:

- सस्सुमावारी: ठाण्यांची फेरी.
- हारिक्कोमी: ठाण्यातच मुक्काम ठोकून राहणं. 'पिनोकियो'त कळकट खोली, न धुतलेले केस आणि चार्जरसाठी भांडण दिसतं, ते हेच.
- यामा: मूळ अर्थ डोंगर, इथे बातमीचा गाभा. 'यामा काय?' म्हणजे 'तुला नक्की म्हणायचंय काय?'
- उराक्काइ: दुसऱ्याची बातमी शब्द फिरवून आपली म्हणून लावणं. हा शब्द शिवीच्या जवळचा.

हारिक्कोमी आज तशी उरलेली नाही. आठवड्याला ५२ तासांची कामाची मर्यादा मोठ्या आस्थापनांना जुलै २०१८पासून आणि प्रसारण क्षेत्राला वर्षभराने लागू झाली, तेव्हापासून अनेक ठिकाणी ती बंद किंवा कमी झाली. २०१४ची मालिका पाहून 'कोरियात अजून असंच चालतं' असं समजू नका.

कोरियन शब्दांपैकी हे पाच कानात ठेवा. दानदोक म्हणजे फक्त आमच्याकडे असलेली बातमी. थुकजोंग म्हणजे मोठं सनसनाटी यश. नाकजोंग त्याच्या उलट: सगळ्यांकडे आहे, आपल्याकडे नाही. जेबो म्हणजे बाहेरून आलेली टीप, आणि ती देणारा जेबोजा. प्रतिस्पर्ध्याने बातमी आधी मारली की कोरियन पत्रकार म्हणतो 'मुल मॉगॉत्ता', शब्दशः 'पाणी प्यालो'. सबटायटलमध्ये हे कधीकधी अक्षरशः येतं आणि प्रेक्षक ग्लास शोधत बसतो. आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. आपणही हरवलेल्याला पाणी पाजतोच.

सहावा शब्द कडू आहे: गिरेगी. 'गिजा' म्हणजे पत्रकार आणि 'स्सुरेगी' म्हणजे कचरा, यांची जोड. तो घरोघरी पोहोचला एका जहाजामुळे. त्याबद्दल आठव्या पायरीत.

६. गिजा आणि पीडी एक नव्हेत

'अनमास्क्ड' पाहणाऱ्यांचा हमखास गोंधळ. तिथली मंडळी पत्रकारासारखी कामं करतात, पण त्यांना कुणी गिजा म्हणत नाही, पीडी म्हणतात. कोरियन टीव्हीत रोजच्या बातम्या बोदोगुकमधले गिजा करतात, आणि तासाभराचे शोध कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी सामाजिक-माहितीपर विभागातले निर्माते, म्हणजे पीडी. भरती वेगळी, वरिष्ठ वेगळे, संस्कार वेगळे. एकाच इमारतीत दोघांचं पटत नाही ते यामुळे.

कामाचं मापही वेगळं. गिजाची टीव्ही-बातमी, तिला 'रिपोथु' म्हणतात, साधारण दीड मिनिटाची. आठ किंवा नऊ वाजताच्या बातमीपत्रात अशा बातम्या एकामागून एक लागतात. पीडीकडे आठवडे असतात, पण शेवटी तासभर पुरेल इतका माल लागतो. म्हणून गिजांच्या मालिकेत लोक धावतात, पीडींच्या मालिकेत लोक गाडीत बसून वाट पाहतात.

खरे कार्यक्रम तिथे घराघरांत माहीत आहेत: केबीएसचा 'छुजॉक ६० बुन' १९८३पासून, एमबीसीचा 'पीडी सुछॉप' १९९०पासून, एसबीएसचा 'कुगॉसी आल्गो शिप्ता' १९९२पासून. मालिकेत काळोख्या सेटवर एक माणूस हळूहळू चालत कॅमेऱ्याकडे येतो आणि थांबून बोलतो, तेव्हा इशारा या शेवटच्या कार्यक्रमाकडे असतो. २००८पासून तो किम सांग-जुंग हा अभिनेता सादर करतो.

'अनमास्क्ड'मध्ये ओ सो-र्योंग ही तिमजांग, मालिका-विभागातून इथे फेकला गेलेला हान दो हा पीडी, आणि कंत्राटावर अडकलेला कांग गि-हो हा एडी, म्हणजे सहायक. पुन्हा कंत्राटच. कोरियन पत्रकार-मालिकेत कच्च्या नोकरीचा माणूस हा जवळजवळ ठरलेला पाहुणा.

७. कायदा कळल्याशिवाय ताण कळत नाही

ही पायरी गाळू नका. पुरावा हातात आहे, सत्य माहीत आहे, तरी संपादक 'नाही' का म्हणतो? नवख्याला तो भित्रा किंवा विकला गेलेला वाटतो. कधी तसा असतोही. पण बऱ्याचदा तो वकिलासारखा विचार करत असतो.

*बदनामी.* कोरियात खरं बोलूनही बदनामीचा गुन्हा होतो. दंडसंहितेच्या कलम ३०७नुसार खऱ्या गोष्टीने कुणाची बदनामी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख वॉनपर्यंत दंड. खोट्या गोष्टीने केली तर कैद पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. सुटका कलम ३१०मध्ये: गोष्ट खरी असावी आणि केवळ लोकहितासाठी सांगितलेली असावी. म्हणून पात्रं 'लोकहित' हा शब्द इतक्यांदा उच्चारतात; ते भाषण नसून बचावाची तयारी असते. भारतात वाढलेल्याला हे फार परकं वाटू नये. आपल्याकडेही फौजदारी बदनामी आहे आणि नुसतं सत्य पुरत नाही, ते सार्वजनिक हिताचं असावं लागतं.

*ध्वनिमुद्रण.* संभाषणात तुम्ही स्वतः असाल तर समोरच्याला न सांगता मुद्रण करणं गुन्हा नाही. पण दुसऱ्या दोघांचं खासगी बोलणं चोरून मुद्रित करणं गुन्हा आहे, शिक्षा एक ते दहा वर्षं कैद; आणि तसं मिळालेलं प्रसिद्ध करणंही गुन्हाच. म्हणून नायिका खिशात फोन चालू ठेवून स्वतः आत जाते. फोन खोलीत ठेवून बाहेर आली, तर तो पुरावा दाखवता येत नाही. असा प्रसंग आला की बघा: ती खोलीत आहे की बाहेर? बातमी टिकणार की नाही ते तिथेच ठरतं.

*प्रसारणबंदी.* 'बांगसोंग गुमजी गाचॉबुन' हे लांबलचक शब्द ऐकू आले की समजा, कुणीतरी कोर्टात जाऊन कार्यक्रम थांबवायची मागणी केली आहे. निकाल प्रसारणाच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणून पीडी दोन आवृत्त्या तयार ठेवतात, काही भाग गाळलेली आणि पूर्ण. लेखकांचा हा लाडका प्रसंग आहे. अति होतो, पण खोटा नाही.

*दुरुस्ती.* चुकीची बातमी आली तर बाधित व्यक्ती 'जंगजंग बोदो', म्हणजे दुरुस्तीची बातमी, मागू शकते. कळल्यापासून तीन महिन्यांत आणि प्रसारणापासून सहा महिन्यांच्या आत. त्यासाठी १९८१पासून माध्यम लवाद आयोग आहे. 'आर्गॉन' या एका गोष्टीभोवती जितकी फिरते तितकी क्वचितच दुसरी मालिका फिरते. पहिल्याच भागात इमारत कोसळते, दोषी कोण ते सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, आणि बेक-जिन खात्री झाल्याशिवाय बोलायला तयार होत नाही. तो हेकेखोर वाटेल. आठवा भाग पाहिल्यावर या पहिल्या भागातल्या त्याच्या वाक्यांकडे परत या. त्याआधी इंटरनेटवर शेवट वाचू नका, या मालिकेचं सगळं मोल त्यात आहे.

*जेवणाचं बिल.* २८ सप्टेंबर २०१६पासून लागू झालेला लाचविरोधी कायदा, ज्याला तिथे न्यायाधीश बाईंच्या नावावरून किम यंग-रान कायदा म्हणतात, पत्रकारांनाही लागू आहे. ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याच्याकडून जेवण घ्यायची मर्यादा तेव्हा ३०,००० वॉन होती. ऑगस्ट २०२४मध्ये ती ५०,००० झाली. म्हणून नंतरच्या मालिकांत पत्रकार हॉटेलात आपलं बिल आपण देण्याचा हट्ट धरतो. २०१४च्या मालिकेत मात्र ताट आणि सोजू (तिथली दारू) दोन्ही समोरच्याच्या पैशाने चाललेलं दिसेल. मालिकेचं साल पाहून घ्या.

८. मागच्या खऱ्या घटना

एवढ्या चार माहीत असल्या की अर्धे संदर्भ सुटतात.

१९८०. लष्करी राजवटीने वाहिन्या आणि वर्तमानपत्रांचं सक्तीने विलीनीकरण केलं. टीबीसी ही खासगी वाहिनी केबीएसमध्ये गेली. 'हीलर'मधली पाच मित्रांची चोरटी प्रसारणं या काळाच्या पार्श्वभूमीवर आहेत. हे माहीत नसेल तर ती पोरं नुसती उनाड वाटतात.

२००५. एमबीसीच्या 'पीडी सुछॉप'ने ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाच्या मूलपेशी संशोधनावर प्रश्न उपस्थित केले. ह्वांग तेव्हा राष्ट्रीय वीर होते. लोक वाहिनीवर उलटले, जाहिरातदार निघून गेले. त्यात चमूने एका संशोधकाला दमदाटी करून माहिती काढल्याचं उघड झालं, वाहिनीला माफी मागावी लागली, कार्यक्रम थांबला. आणि काही दिवसांतच संशोधन बनावट असल्याचं बाहेर आलं. माहिती बरोबर, रीत चूक. 'सत्यासाठी खोटं बोललं तर चालतं का' हा प्रश्न या मालिकांत वारंवार का येतो, त्याचं मूळ शोधायचं तर इथपर्यंत यावं लागतं.

२०१४. १६ एप्रिलला सेवोल हे प्रवासी जहाज बुडालं. ३०४ जण दगावले किंवा बेपत्ता झाले, बहुतेक एकाच शाळेची सहलीला निघालेली मुलं. त्या सकाळी अनेक वाहिन्यांनी 'सर्व विद्यार्थी सुखरूप' अशी बातमी दिली होती. कुणीही ती पडताळली नव्हती. गिरेगी हा शब्द त्यानंतर सर्वतोमुखी झाला. 'पिनोकियो' त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला सुरू झाली, आणि तिचा पाया आहे न पडताळलेल्या बातमीने उद्ध्वस्त झालेलं एका अग्निशमन अधिकाऱ्याचं कुटुंब. जहाजाचा उल्लेख करायची तिथे गरजच नव्हती.

२०१६. २४ ऑक्टोबरला जेटीबीसीने राष्ट्राध्यक्षांच्या मैत्रिणीच्या टॅबलेटमधल्या सरकारी फायली दाखवल्या; या बाईंकडे कुठलंही सरकारी पद नव्हतं. मार्च २०१७मध्ये राष्ट्राध्यक्ष पाक गुन-हे पदावरून गेल्या. त्यानंतरच्या मालिकांत पत्रकार जरा ताठ चालतो.

९. पाहण्याचा वेग आणि पुढचा क्रम

एका बैठकीत आठ भाग उरकू नका. टीव्हीएनने आठवड्याला दोन दिले होते, तेवढाच वेग ठेवा. पहिला भाग दोनदा पाहा: एकदा कथेसाठी, एकदा हाका आणि हुद्द्यांसाठी. दुसऱ्या भागापर्यंत वहीचं पान भरलं की नंतर वही लागत नाही.

पात्रं टेबलाभोवती बसून बातम्यांचा क्रम ठरवतात ते प्रसंग पुढे ढकलू नका. कंटाळवाणे दिसतात, पण कुणाची बातमी पहिली, कुणाची गळाली, कुणी गप्प बसलं, सगळं राजकारण तिथे होतं. ढकलायचंच असेल तर सँडविच आणि कॉफीच्या दुकानातले रेंगाळणारे प्रसंग ढकला. त्यांचे पैसे बऱ्याचदा त्या दुकानांनी दिलेले असतात.

'आर्गॉन' आवडली तर पुढे असं जा:

१. 'पिनोकियो': उमेदवारीचं जग. प्रेमकथा सहन करा, आई-मुलीचं प्रकरण सोडू नका. वृत्तनिवेदिका सोंग चा-ओकचं काम करणारी जिन क्यंग अख्खी मालिका तोलून धरते.

२. 'अनमास्क्ड': पीडींचं जग. जास्त वेगवान, जास्त फिल्मी. वेगवेगळी प्रकरणं आणि त्यातून वाहणारा एक जुना धागा अशी बांधणी, म्हणून खंड पडला तरी चालतं.

३. 'हश': २०२०-२१, १६ भाग, ह्वांग जंग-मिन आणि यूना. वर्तमानपत्राच्या डिजिटल विभागात दिवसभर क्लिक मोजणाऱ्यांची गोष्ट. संथ आणि उदास. रात्री उशिरा नको.

४. 'मिस्टी': २०१८, १६ भाग. वृत्तनिवेदिकेवर खुनाचा संशय. पत्रकारिता कमी, किम नाम-जूचा अभिनय जास्त. मुलांसमोर लावायची नाही.

'हीलर' यादीत कुठेही घुसवा. सलग दोन उदास मालिका झाल्या की मध्ये ती चांगली पडते.